मुलाने मनातले सांगायचे तर शाळेत कोणाला?

शाळांनी मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. वाद आहे तो हे काम कोणी करायचे याबद्दल, आणि तो उघडपणे घातला जात नाही. त्यामुळे बहुतेक योजना एक परिपत्रक, एक दिवसाचे प्रशिक्षण आणि व्हरांड्यातले एक भित्तिपत्रक एवढ्यावरच थांबतात. शाळेतील मानसिक आरोग्य सेवा म्हणजे काय, ती कशी चालते, कोणत्या पद्धतीने चालली तर मुलांना तिचा उपयोग होतो आणि कोणत्या पद्धतीने चालली तर होत नाही, हे या लेखात समजून घ्यायचे आहे. सुदैवाने या प्रश्नावर आपल्याच देशात चांगले संशोधन झालेले आहे आणि त्याची मुळे गोव्यात आहेत.

आधी थोडे आकडे पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात 13 ते 17 या वयोगटातील 7.3 टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचे आढळले. महानगरांत हे प्रमाण 13.5 टक्के होते आणि ग्रामीण भागात 6.9 टक्के. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत. मात्र आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायलाही काही आधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होते. कोणत्याही राज्यातली ही सर्वांत मोठी संख्या आहे. या नोंदीत महाविद्यालयीन विद्यार्थीही येतात, आणि मोठ्या लोकसंख्येच्या राज्यात संख्याही मोठी असणार, हे दोन्ही गृहीत धरले तरी हा आकडा बाजूला सारण्याजोगा नाही.

शाळेचा विचार करायचा तो एका साध्या कारणासाठी. चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ शकत नाही. त्यासाठी आधी आईवडिलांना काही बिघडले आहे असे वाटावे लागते, ते मान्य करावे लागते, मग एका दिवसाची मजुरी किंवा रजा बुडवून तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या गावी जावे लागते, आणि परत आल्यावर ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेले होते’ ही कुजबुज सोसावी लागते. एवढे अडथळे पार करून दवाखान्यात पोहोचणाऱ्या मुलांची अवस्था तोपर्यंत बरीच बिघडलेली असते. प्रौढपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्या वयात मदत पोहोचायला हवी, त्या वयात मूल वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ज्या ठिकाणी असते, ते ठिकाण शाळा हेच आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही मुलांच्या त्रासाचे कारणच शाळा असते. वर्गात सर्वांसमोर झालेला अपमान, जातीवरून किंवा दिसण्यावरून मारलेले टोमणे, मधल्या सुट्टीत रोज होणारी मारहाण, गुणांवरून पाडलेल्या तुकड्या या गोष्टी सुरू ठेवून आठवड्याला एक समुपदेशन तास भरवला तर त्याला सेवा म्हणता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. त्यातल्या पहिल्या शब्दाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची जवळजवळ होत नाही.

सेवा म्हणजे नेमके काय

शाळेतील सेवेचे तीन थर मानले जातात. पहिला थर सर्व मुलांसाठी असतो. शाळेतले वातावरण सुरक्षित असणे, भावना ओळखायला आणि त्या सांगायला शिकणे, मदत कोठे मिळते हे ठाऊक असणे, हे त्यात येते. दुसरा थर काही मुलांसाठी असतो. घरातली भांडणे, परीक्षेची भीती, मैत्रीतला दुरावा, प्रेमप्रकरणातला ताण, वडिलांचे दारूचे व्यसन अशा कारणांनी जी मुले त्रासात आहेत, त्यांना चार-पाच भेटींचे समुपदेशन पुरेसे होऊ शकते. तिसरा थर थोड्या मुलांसाठी असतो. तीव्र नैराश्य, जेवणाच्या सवयींचे आजार, भास होणे, स्वतःला इजा करणे अशा बाबतींत शाळेचे काम मूल योग्य डॉक्टरपर्यंत पोहोचवणे आणि परतल्यावर त्याला सांभाळून घेणे एवढेच असते. निदान करणे हे शाळेचे काम कधीच नसते.

आपल्याकडे पहिल्या थराचे थोडेफार काम होते. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात 2020 पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्यांनी शिकवायच्या अकरा विषयांमध्ये भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हा एक विषय आहे. तिसरा थर, अपुरा का होईना, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाच्या रूपाने अस्तित्वात आहे. मधला थर मात्र बहुतेक शाळांत नाहीच. खरे तर सर्वाधिक मुलांना गरज त्याच थराची असते.

नालंदामध्ये काय झाले

गोव्यात 1996 मध्ये ‘संगथ’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि नजीकच्या काळात पुरेसे होणारही नाहीत, हे मान्य करूनच या संस्थेने काम सुरू केले. स्थानिक, पदवीपर्यंत शिकलेल्या व्यक्तीला नीट प्रशिक्षण आणि सातत्याची देखरेख दिली, तर तीही ठराविक प्रकारचे समुपदेशन उत्तम करू शकते, हे गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांबाबत तिने दाखवून दिले. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर हाच विचार शाळेत चालेल का, हे तपासायचे ठरले, आणि त्यासाठी बिहारमधील नालंदा जिल्हा निवडला गेला.

‘सेहर’ या नावाच्या त्या प्रयोगात 74 सरकारी माध्यमिक शाळा होत्या आणि मुख्यतः नववीतील मुलामुलींवर लक्ष केंद्रित केले होते. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले गेले. एका गटात बाहेरून आणलेला प्रशिक्षित, पण डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नसलेला समुपदेशक शाळेत काम करत होता. त्याला ‘सेहर मित्र’ म्हणत. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवला होता. तिसऱ्या गटात सरकारचा नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालू होता. कार्यक्रमाचा आराखडा पहिल्या दोन्ही गटांत सारखाच होता, फक्त तो राबवणारे हात वेगळे होते. या रचनेमुळेच हा प्रयोग आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देतो.

कार्यक्रमात होते तरी काय, ते थोडे जवळून पाहू. परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर पाच-दहा मिनिटांचे नाटुकले किंवा चर्चा होई: मारामारी, तंबाखू, मुलींना होणारा त्रास, अभ्यासाची भीती. मुलांनी स्वतः लिहून-चितारून भरलेले भित्तिपत्रक असे. ज्याला उघड बोलायचे नाही त्याने चिठ्ठी टाकावी म्हणून एक पेटी ठेवलेली असे. शिक्षक, पालक आणि मुलांचे प्रतिनिधी यांची एक समिती होती आणि मुलांचे गट नियमित भेटून शाळेतल्या अडचणींवर काय करता येईल ते ठरवत. आणि ज्या मुलाला गरज असेल, त्याच्यासाठी एकट्याने बसून बोलण्याची सोय होती.

पेटीची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तीवर थोडे थांबायला हवे. महाराष्ट्रातही शाळांनी तक्रारपेटी ठेवावी असा शासनाचा आदेश आहे आणि पुष्कळ शाळांत ती भिंतीवर टांगलेली दिसतेही. ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या खुर्चीशेजारी टांगली, तिची किल्ली कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसले आणि आत पडलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे मुलांना कधी कळलेच नाही, तर मुले तिच्यात चॉकलेटचे कागदच टाकणार. पेटी चालते ती तिच्यामागे माणूस असेल तरच. ठरलेल्या दिवशी ती उघडली जाणे, नावे न घेता त्यातल्या मुद्द्यांना परिपाठात उत्तर मिळणे आणि निदान एखादी गोष्ट, मग ती मुलींच्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडी का असेना, प्रत्यक्ष दुरुस्त होताना दिसणे एवढे झाले, की पुढची चिठ्ठी अधिक मोकळी येते.

प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. आठ महिन्यांनंतर सेहर मित्र असलेल्या शाळांतील मुलांना आपली शाळा स्पष्टपणे अधिक आपुलकीची वाटू लागली होती: शिक्षकांशी नाते, आपलेपणा, शाळेच्या कामात सहभाग, अभ्यासाविषयी आस्था या साऱ्यांत फरक पडला होता. नैराश्याची लक्षणे कमी झाली होती, दादागिरी आणि मारहाण कमी झाली होती आणि स्त्री-पुरुष समतेविषयीची मतेही बदलली होती. शिक्षकाकडे तोच कार्यक्रम सोपवलेल्या शाळांत यांपैकी काहीही झाले नव्हते. त्या शाळा आणि नेहमीच्या शाळा यांच्यात नोंद घेण्याजोगा फरकच आढळला नाही.

शिक्षकाला दोष देऊन चालणार नाही

या निष्कर्षाचा अर्थ शिक्षक निकामी आहेत असा कोणी काढला, तर तो चुकीचा तर ठरेलच, शिवाय अन्यायाचाही ठरेल. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे: मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर भरायची माहिती आणि रोज उठून व्हॉट्सॲपवर येणारे ‘आज सायंकाळपर्यंत सादर करावे’ असे आदेश. या अशैक्षणिक कामांच्या यादीत मानसिक आरोग्य हा आणखी एक रकाना झाला, तर तो रकान्यासारखाच भरला जाईल.

वेळेच्या अडचणीपेक्षा मोठी अडचण मात्र भूमिकेची आहे. जो शिक्षक गुण देतो, शिस्त लावतो, पालकसभेत प्रगतिपुस्तक हाती ठेवतो आणि गावातल्या निम्म्या घरांत ज्याचे जाणे-येणे असते, त्याच्यापुढे नववीतली मुलगी घरातली गोष्ट सहसा उघडी करत नाही. शिक्षक प्रेमळ असला तरी करत नाही. किंबहुना आपल्याविषयी त्याचे मत बदलेल या भीतीने अशा शिक्षकापुढे ती अधिकच गप्प राहते. सेहर मित्राच्या हाती गुणही नव्हते आणि छडीही नव्हती. त्याचे कामच ऐकून घेणे हे होते आणि मुलांनाही ते माहीत होते. माझ्या मते संपूर्ण प्रयोगाचे सार या एका फरकात आहे.

मग शिक्षकाने काय करायचे? लक्ष ठेवायचे आणि वाट दाखवायची. आठवड्यातून तीनदा पोट दुखते म्हणून घरी जाणारे मूल, एकाएकी वह्या अपुऱ्या ठेवू लागलेला हुशार मुलगा, उन्हाळ्यातही लांब बाह्या खाली ओढून बसणारी मुलगी, मैत्रिणींचा घोळका सोडून एकटी डबा खाणारी मुलगी हे बदल वर्गशिक्षकाला सर्वांआधी दिसतात. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. दंगा करणारे मूल आपोआप नजरेत येते, गप्प बसणारे येत नाही. नैराश्यात गेलेली शांत, आज्ञाधारक मुलगी अनेकदा वर्गातली ‘गुणी’ मुलगी म्हणून गणली जाते. नेहमीपेक्षा वेगळे वागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते समुपदेशकाच्या कानावर घालावे एवढा साधा नियम शिक्षकांसाठी पुरेसा आहे.

केवळ शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवून भागत नाही, हे युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगातही दिसले. दहा देशांतील 168 शाळा आणि 11 हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते आणि निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात शिक्षकांना प्रशिक्षण दिले, दुसऱ्यात तज्ज्ञांनी प्रश्नावलीवरून धोक्यातली मुले शोधली, तिसऱ्यात मुलांनाच चार आठवड्यांत पाच तास देऊन भूमिकानाट्यांतून आणि चर्चेतून ताण, संकट, मित्राला मदत कशी करावी हे शिकवले. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न घटलेले दिसले ते तिसऱ्या गटात, आणि ते जवळजवळ निम्म्याने घटले होते. पहिल्या दोन गटांत तसा फरक आढळला नाही. मुले आपले दुःख पहिल्यांदा आपल्या मित्राला सांगतात, हे लक्षात घेतले तर यात फारसे आश्चर्य नाही.

वर्गात काहीही शिकवले तरी उपयोग होतो असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये 85 शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांना शिक्षकांमार्फत सजगतेचे ध्यान शिकवून पाहिले गेले. 2022 मध्ये निकाल लागला तो असा, की मुलांच्या मानसिक आरोग्यावर नेहमीच्या पाठांपेक्षा अधिक परिणाम झाला नाही. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. आपल्याकडे दर जूनमध्ये शाळांना ‘तणावमुक्तीची शिबिरे’ विकणाऱ्यांची रीघ लागते. मुख्याध्यापकांनी त्यांना हा निकाल जरूर सांगावा.

चार-पाच भेटींत काय होते

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा आपल्याकडे समज आहे आणि काही समुपदेशकही तो खरा करून दाखवतात. शाळेत उपयोगी ठरणारी एक पद्धत अगदी वेगळी आहे. ‘संगथ’च्या ‘प्राइड’ या प्रकल्पात दिल्लीतील सहा सरकारी शाळांमधील 250 विद्यार्थ्यांवर ती तपासली गेली. तीन आठवड्यांत चार-पाच भेटी आणि सोबत चित्रकथांच्या पुस्तिका असे तिचे स्वरूप होते. पद्धत तीन पायऱ्यांची आहे: अडचण नेमकी काय ते ठरवणे, शक्य ते सर्व मार्ग मांडणे आणि त्यांतला एक निवडून करून पाहणे.

समजा, नववीतला एक मुलगा ‘माझे कशातच लक्ष लागत नाही’ असे म्हणत येतो. समुपदेशक लगेच अभ्यासाचे वेळापत्रक हाती देत नाही. दिवस कसा जातो ते विचारल्यावर कळते की संध्याकाळी तो काकांच्या टपरीवर बसतो, रात्री घरात एकच खोली असते आणि टीव्ही चालू असतो, पहाटे जाग येत नाही, मग गृहपाठ अपुरा राहतो, वर्गात उभे केले जाते, आणि आता शाळेत यायचीच भीती वाटते. ‘लक्ष लागत नाही’ हे धुके होते. ‘रात्री आठ ते दहा अभ्यासाला जागा नाही’ ही अडचण आहे. आता मार्ग मुलानेच सुचवायचे: शाळा सुटल्यावर वर्गात थांबणे, मित्राच्या घरी जाणे, काकांशी बोलून दोन दिवस सुटी मागणे, गावच्या वाचनालयात बसणे, आईला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगणे. प्रत्येकाचे फायदे-तोटे तो स्वतः लिहितो, एक निवडतो आणि पुढच्या भेटीपर्यंत करून पाहतो. जमले नाही तर का जमले नाही ते पाहून दुसरा मार्ग घेतो. त्याच्या हाती केवळ उत्तर येत नाही, उत्तर शोधण्याची रीत येते.

याचा परिणाम किती झाला? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक कमी झाली होती. मात्र मानसिक लक्षणांच्या प्रमाणित प्रश्नावलीत त्या वेळी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे उपाय माफक आहे, जादू नाही. त्याच प्रकल्पात आणखी एक गोष्ट आढळली, जी कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते. समुपदेशकाने वर्गात जाऊन, छोटी चित्रफीत दाखवून, आपण कोण, काय करतो, काय करत नाही हे एका तासात सांगितले की मदत मागायला येणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढते. समुपदेशक नेमून त्याची ओळखच करून दिली नाही, तर त्याच्याकडे फक्त शिक्षकांनी शिक्षा म्हणून पाठवलेली मुले येतात, आणि मग त्याच्या खोलीत जाणे ही वर्गभर चेष्टेची बाब होते.

खोलीचाही प्रश्न आहे. शिक्षककक्षाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पोत्यांशेजारी किंवा प्रयोगशाळेत तास नसेल तेव्हा, अशा जागी मूल बोलत नाही. दार लोटून घेता येईल, पण आत काय चालले आहे ते बाहेरून दिसू शकेल अशी काचेच्या झडपेची खोली उत्तम; त्याने मुलाचा खासगीपणा आणि दोघांची सुरक्षितता दोन्ही जपले जाते. सांगितलेले गुप्त राहील, मात्र जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर ते गुप्त ठेवता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत मुलाला स्पष्ट सांगायला हवे. पॉक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणे हा गुन्हा आहे. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

हिशेब मांडून पाहिला तर

प्रश्नावल्या वाटून मुले ‘हुडकण्याचा’ उत्साह अलीकडे वाढला आहे. त्याआधी एक साधा हिशेब करावा. पाचशे पटाची माध्यमिक शाळा घेतली आणि सर्वेक्षणातला 7.3 टक्क्यांचा दर धरला, तर सुमारे 36 मुले निघतात. प्रत्येकाला पाच भेटी म्हणजे 180 भेटी. आठवड्यातून एकदा चार तासांसाठी येणारा समुपदेशक फार तर सहा मुलांना भेटू शकतो, म्हणजे या 36 जणांसाठीच तीस आठवडे लागतील आणि शाळेचे वर्ष जवळपास संपेल. रोज पाच मुलांना भेटणारा पूर्णवेळ समुपदेशक असेल, तर हेच काम आठ आठवड्यांच्या आत होते आणि वर्गातल्या कामासाठी, पालकांशी बोलण्यासाठी वेळ उरतो. ज्या शाळेत आठवड्याला एकदाही कोणी येत नाही, तिने प्रश्नावली वाटून यादी तयार करणे म्हणजे मुलांना आजारी ठरवून तसेच सोडून देणे होय.

पदे कोठून येणार, हा पुढचा प्रश्न. अनुदानित आणि सरकारी शाळांतील शिक्षकांची पदे संचमान्यतेत पटसंख्येवरून ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक आहेत, समुपदेशक नाही. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी, विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत आहे. या सूचना शाळांना, महाविद्यालयांना, वसतिगृहांना आणि शिकवणी वर्गांनाही लागू आहेत.

खेडोपाडी अनेक प्राथमिक शाळांचा पट शंभराच्या खाली असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ‘जोडणी’ हाच भाग महत्त्वाचा ठरतो. मला यात शाळासमूहाच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या भाषेत ‘केंद्रा’च्या, पातळीची रचना अधिक व्यवहार्य वाटते: एका केंद्रशाळेला धरून आसपासच्या शाळांसाठी एक समुपदेशक, जो ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत असेल. इंग्लंडमध्ये 2017 च्या धोरणानंतर साधारण आठ हजार विद्यार्थ्यांमागे एक छोटे पथक अशी रचना उभी केली गेली. ते पथक शाळांत सौम्य त्रासावर काम करते आणि गंभीर मुलांना रुग्णालयाकडे पाठवते. आपल्या आश्रमशाळांना आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांना मात्र वेगळी व्यवस्था लागेल. तेथे मूल रात्रीही संस्थेतच असते, आईबाप महिनोन्महिने दूर असतात आणि अस्वस्थता बहुधा रात्री वर येते.

शाळेतून तिसऱ्या थराकडे, म्हणजे डॉक्टरकडे, जाणारी वाट आधीच आखून ठेवावी लागते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, तेथे मुलाला कोण घेऊन जाणार, पालकांशी कोण बोलणार हे प्रसंग उद्भवल्यावर ठरवता येत नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असते, त्याचा पत्ता शेजारच्या शाळेलाही अनेकदा ठाऊक नसतो. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. मुलाच्या मनात मरणाचे विचार येत असल्याची शंका असेल, तर त्याला तसे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने मुलाला सुटकेसारखे वाटते. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी पालकांना बोलवावे.

पालकांचे मन वळवणे हे कदाचित सर्वांत अवघड काम असते. ‘आमच्या मुलाच्या डोक्यावर परिणाम झालाय असे म्हणायचे आहे का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. अशा वेळी आजारांची नावे न घेता झोप, भूक, अभ्यास, पोटदुखी अशा त्यांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींवरून बोलणे सुरू केले, तर दार उघडे राहते. औषधोपचार पालकांच्या संमतीशिवाय होऊ शकत नाहीत, त्यामुळे पहिल्या भेटीत त्यांना दुखावले तर पुढची वाट बंद होते.

शेवटी एक गोष्ट, जी योजना आखताना हमखास निसटते. आपल्याकडे आरोग्य अभियानातल्या समुपदेशकांची नेमणूक बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर होते. नव्या वर्षी करार लांबतो, माणूस बदलतो किंवा जागा रिकामी राहते, आणि ज्या मुलीने फेब्रुवारीत बोलायला सुरुवात केलेली असते तिला जूनमध्ये पुन्हा अनोळखी चेहऱ्यापुढे पहिल्यापासून सांगावे लागते. नालंदातील कार्यक्रम दुसऱ्या शैक्षणिक वर्षीही चालू ठेवला गेला आणि सतरा महिन्यांनंतर पुन्हा मोजमाप झाले. ते निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. सेहर मित्र असलेल्या शाळांमधील फरक पहिल्या वर्षापेक्षाही वाढला होता. शिक्षकांकडे कार्यक्रम सोपवलेल्या शाळांमध्ये दुसऱ्या वर्षीही फरक दिसला नाही.